बिनखिडक्यांची गल्ली

नंदुरबार, चैत्र वद्य पंचमी, शके १८५६

तीर्थरूप भिलादादास धाकट्या गजराचा साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. कपिला व्याली का?

आमच्या गल्लीत रस्त्याकडे एकाही घराला खिडकी नाही. पेंढाऱ्यांच्या भीतीनं पूर्वजांनी घरं तशीच बांधली, असं सासरे अभिमानानं सांगतात. पेंढारी जाऊन शंभर वर्षं झाली, तरी दिवेलागणीला गल्लीचा दरवाजा लागतोच. विचारलं तर म्हणतात, "गल्लीनी रीत शे."

गेल्या आखाजीच्या सणाला तू मला माहेरी न्यायला आलास आणि बंद दरवाजावरून परत गेलास, हे मला आठ दिवसांनी कळलं. माहेरवाशिणींच्या झोक्यांत माझा झोका कुणी बांधला होता?

यंदा उन्हातच ये. बाहेरून 'गजरा' म्हणून हाक मार. इथं त्या नावानं मला कुणीच बोलावत नाही, म्हणून भिंतीआडूनही ओळखेन.

तुझी,
गजरा