झेंड्याच्या अलीकडे

सुरत, ८ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप सौ. रंजनाताईस,
भूपेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

मायच्या गुडघ्याचं वाचलं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणून ती तुझ्या सासरी अमळनेरला राहते, हे तू लिहिलं नाहीस. पण तुझं न लिहिलेलंही मला वाचता येतं. तर ऐक. शेठ कामरेजला नवी डाइंग मिल काढताहेत. तिथल्या मॅनेजरला तळमजल्यावर क्वार्टर आहे. नाव अक्षय्य तृतीयेच्या आत ठरेल. माझं ठरलं की त्याच आखाजीला येतो आणि मायला घेऊनच जातो.

शेठ परदेशातून गोल्फचं वेड घेऊन आलेत. इच्छापोरच्या मोकळ्या प्लॉटवर सरावाची जागा केली आहे. चटईवर उभं राहायचं, टोपलीतले चेंडू दूरच्या झेंड्यांकडे मारायचे, आणायला मात्र जायचं नाही. आम्हां सुपरवायझर लोकांना दर रविवारी 'मरजी होय तो' बोलावणं असतं. मरजी कोणाची, ते तुला सांगायला नको. आमच्यातला हिलाल, आपल्या चोपड्याचा, तेवढा गेला नाही. बॉयलर बघायचा आहे म्हणाला. भोळा आहे बिचारा.

मायला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो खर्चून टाकू नकोस.
तुझा भूपेंद्र

अमळनेर, २२ नोव्हेंबर १९९८

चि. भूपेंद्रास अनेक उत्तम आशीर्वाद.

गोल्फ मायला समजावताना माझी वीस वर्षांची मास्तरकी कमी पडली. पोऱ्या आते दांडू खेळस का, असं विचारून ती पोटभर हसली आणि लगेच शेजारच्या उषाबाईंना सांगून आली की भूपा मॅनेजर होतोय. तुझे मेहुणे विचारतात, मारलेलं आणायलाही जायचं नसेल तर त्याला खेळ म्हणायचं की सरकारी नोकरी?

भाऊबीजेला आला नाहीस, आता रविवारही गेले. माझं सोड, मी रागावून मोकळी होते. माय रागावत नाही. ती लुगड्यांच्या घड्या घालून पेटी भरायला बसली आहे. तेव्हा मारायचंच तर नीट मार.

सुमनला आणि मुलांना आशीर्वाद. आठवण ठेवावी, जमल्यास तोंड दाखवावं.
तुझी ताई

सुरत, १७ जानेवारी १९९९

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला, गोड बोलायची अट तुला लागू नाही हे ठाऊक आहे.

शेठनी शिकवायला लष्करातले एक निवृत्त सुभेदार ठेवलेत. आम्ही सगळे टोपल्यांवर टोपल्या उपसत होतो, जोराने मारलं की टाळ्या. सुभेदार म्हणाले, ही हमाली झाली, सराव नव्हे. चेंडू कमी मारा, पण प्रत्येक वेळी एकच जागा मनाशी पक्की करा, मागे येऊन उभे राहा, श्वास घ्या, मग मारा. हात गुलाम असतो. त्याच्याकडून जे रोज करवून घ्याल तेच तो पुढे करील. मी तसं केलं आणि ताई, चेंडू झेंड्यापाशी जाऊन पडायला लागला! फक्त तो शेठच्या चेंडूच्या पुढे पडायचा. शेठचा चेहरा कच्च्या रंगाच्या कापडासारखा उतरला.

म्हणून मी जागा बदलली. झेंड्याच्या अलीकडे, उजव्या हाताला पाण्याचा चर आहे. आता मी मनाशी तो चर पक्का करतो. सुभेदारांची शिस्त तीच: मागे येणं, श्वास, सगळं. चेंडू बरोबर चरात. शेठ खूश होऊन पाठीवर थाप मारतात, अरे भूपेंद्रभाई, तमे तो गया, म्हणतात. परवा म्हणाले, कामरेज तुमचंच समजा.

मायला सांग, पेटीला कुलूप घालायला हरकत नाही. कृपा असू द्यावी.
तुझा भूपेंद्र

अमळनेर, ७ फेब्रुवारी १९९९

चि. भूपेंद्रास आशीर्वाद.

मन लावून चुकायला शिकणारा आपल्या घराण्यातला तू पहिला. आप्पा असते तर त्यांनी तुला त्याच दांड्याने शिकवलं असतं.

मायने क्वार्टरसाठी कुरडया घातल्यात. मी म्हटलं, अजून नाव लागलेलं नाही. ती म्हणाली, शेठ थाप मारतो म्हणजे लागलंच. थापेचे दोन प्रकार असतात हे तिला सांगायचा मला धीर झाला नाही. तू तरी विचार कर.

प्रेम होतं तेवढंच आहे.
ताई

सुरत, २८ मार्च १९९९

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दिल्लीची मोठी पार्टी आली होती. पुढच्या सगळ्या मालाचा सौदा, आणि त्यांना गोल्फचा शौक. जोड्या पाडून खऱ्या मैदानावर सामना ठरला. शेठनी जोडीला मला घेतलं. मला वाटलं, वेड लागलं यांना. पहिल्याच फटक्याआधी जवळ येऊन हळूच म्हणाले, आज नाटक बंद, सुरुवातीला मारायचात तसं मारा. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, ताई. मी मुद्दाम चुकतो हे बघायलाच ते दर रविवारी येत होते.

मी मागे आलो, श्वास घेतला, झेंडा पक्का केला. चेंडू उजवीकडे, अलीकडे. पुन्हा तेच. शेवटपर्यंत तेच. तिथे चर नव्हता, तरी माझा हात तो शोधून काढत होता. पार्टीवाले हसले. शेठ हसले नाहीत. सौदा दुसरीकडे गेला.

कामरेजला हिलालचं नाव लागलं. त्याने अजून दांडा हातात धरलेला नाही. मला रविवारी यायचं आहेच. शेठना हरायला माणूस लागतो. नाही म्हणावं तर आहे तीही जागा जाईल.

मायला एवढंच सांग की क्वार्टरचा रंग बाकी आहे. दया असावी.
तुझा भूपेंद्र

अमळनेर, ६ एप्रिल १९९९

चि. भूपेंद्रास आशीर्वाद.

मी रंगाचं सांगितलं नाही, होतं ते सांगितलं. माय म्हणाली, क्वार्टर नाही तर नाही, आप्पांच्या नावाने पितरांची घागर पुजायला तरी येईल ना तो आखाजीला? मी कालनिर्णय पाहिलं. यंदा आखाजी रविवारी आहे.

मी तुला शिव्या देणार होते. तिने मला थांबवलं. म्हणाली, बोलावू नकोस, त्याच्या नोकरीचं काम असतं. घागर जावई पुजतील.

तुझ्यासाठी खोटं बोलायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं होतं. तेही तिने माझ्यावर सोडलं नाही. काल ओट्यावर बसून उषाबाईंना सांगत होती की भूपा मॅनेजर झाला, मोठं घर मिळालं, रोज बोलावतो, पण मलाच लेकीला सोडवत नाही.

उत्तराची घाई नाही.
ताई