आमची बायको

९ नोव्हेंबर, रविवार
सासूबाई आल्या. नायजेरियातल्या एनुगूहून लागोस, मग अदिस अबाबा, मग मुंबई, मग टॅक्सीने हडपसर. दोन दिवसांचा प्रवास, पण लांब झग्याची इस्त्री जागच्या जागी. लग्नाला त्यांना व्हिसा मिळाला नव्हता, नंतर आमचं जाणं राहिलं ते राहिलंच. त्यामुळे प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. दारात मला कवेत घेतलं आणि म्हणाल्या, "न्वुन्ये आन्यी." नऊ वर्षं फोनवर हे ऐकतेय. मला वाटायचं, 'केतकी'चा त्यांच्या तोंडी असा उच्चार होतो. आज नवऱ्याने, चिनेदूने, अर्थ सांगितला. "आमची बायको. सुनेला आमच्याकडे घरातले सगळे असंच म्हणतात."
म्हणजे मी त्याच्या एकट्याची नव्हतेच कधी.
आमची लेक अदा बापाचं ऐकून त्यांना मामा म्हणते. वॉचमनने विचारलं, "मॅडम, तुमचे मामा आले ना?" हो म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सातला घरी आले तर घराला कसलाच वास नाही. सकाळचा स्वयंपाक माझा, संध्याकाळचा चि.चा, लग्न झाल्यापासून. (पत्रिकेत 'चि. चिनेदू' छापलं होतं, तेव्हापासून इथे तो चि.) आज चि. सोफ्यावर, आईशेजारी, पाय लांब करून. मी बॅग ठेवली. तो माझ्याकडे बघत होता, ओट्याकडे नाही.
मग गॅलरीत, हळू आवाजात: "ती आहे तोपर्यंतच गं. जानेवारीपर्यंत. मला ओट्याशी बघून तिला लागेल."
"त्या म्हणाल्या तसं?"
"म्हणायला कशाला पाहिजे? आमच्याकडे ते माहीत असतं."
आमच्याकडेही. पण मी ते बोलले नाही. वरणभात, काचऱ्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर ग्रंथालयात पाण्याच्या ट्रेपाशी उभी. दुरुस्तीला दीडशे वर्षांची वही, पानं एकमेकांना चिकटलेली. पाण्यात सोडली की आधी काहीच होत नाही. मग एक कोपरा सुटतो, आपणहून. घाई केली तर फाटतं. दुपारी त्या पाण्याकडे बघता बघता डोळा लागल्यासारखा झाला, उभ्या उभ्याच. दिसलं ते असं: आमचं स्वयंपाकघर घोट्यापर्यंत पाण्यात, अक्षरं तरंगतायत, सासूबाई झगा वर धरून त्यातून चालतायत आणि चि. कोरडा, सोफ्यावर.
साहेबांनी बोलावलं. जयपूरला सहा महिन्यांचं प्रशिक्षण आहे, कागद वाचवण्याचंच, फेब्रुवारीपासून. ग्रंथालयातून एकच नाव जाणार. "तुमचं घालू का? घरी विचारून सांगा."
घरी विचारून. आमच्यातल्या पुरुषाला, जोशींना, हे वाक्य लावलं असतं का, असं वाटलं. पण विचारलंही नाही.

१८ नोव्हेंबर
चि.ला सांगितलं. "वा, मस्त," म्हणाला. मग, "बघू."
भांडी घासता घासता त्या 'बघू'चाच विचार.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आई आली सदाशिव पेठेतून, तिच्या गुरुवारच्या फेरीला. गॅलरीत दोघी मटार सोलत बसल्या. दोघी निवृत्त मुख्याध्यापिका, दोघींचं इंग्रजी शाळेतलं, खडूचा वास येणारं. मी आतून ऐकत होते. विषय: आजकालची मुलं, गुडघे, मग आम्ही. आई म्हणाली, आमचे हे स्वतःचं ताट कधी उचलायचे नाहीत. सासूबाई म्हणाल्या, माझा नवरा एकटा जेवायचा, झाकलेल्या ताटातून, आणि मटणाचा एक तुकडा मुद्दाम शिल्लक ठेवायचा, ज्या मुलावर खूश असेल त्याच्यासाठी. मग दोघी हसल्या. दोघींचे नवरे गेलेले. ते हसू कसलं होतं ते मला कळलं नाही.
जाताना आई दाराशी: "चिनेदूराव दमून येतात गं."
"मीपण येते."
"तू काय, कागद भिजवतेस."
चपलेत पाय घालून झाल्यावर म्हणाली, "जयपूरचं ऐकलं. जावईबापू सांगत होते. पोरगी सात वर्षांची आहे." एवढंच.
तिला चि.ने सांगितलं. मी नव्हतं सांगितलं.

२८ नोव्हें.
आज चौथ्यांदा डब्यात पोळी-भाजीऐवजी ब्रेड. ट्रेमधलं पान जरा ओढलं गेलं. फाटलं नाही, पण मला घाम फुटला.

३ डिसेंबर, बुधवार
सकाळी कालव्यावर धुकं. सासूबाई शाल घेऊन गॅलरीत, किती तरी वेळ. म्हणाल्या, आमच्याकडे या दिवसांत वाळवंटाकडून धूळ येते, वाराच धुळीचा, समोरचं घर नाहीसं होतं, ओठ फुटतात. शाळेच्या पटांगणावर मुलांच्या रांगा दिसायच्या नाहीत, नुसते आवाज. हजेरी आवाजावर घ्यायची.
मग स्वतःचं सांगत गेल्या, न विचारता. तिशीत होत्या तेव्हा विद्यापीठात पदवीसाठी जागा मिळाली होती. घरापासून दूर, तिथेच राहावं लागणार होतं. पाच मुलं. नवरा नाही म्हणाला नाही. "तो म्हणाला, बघू."
मी चहा गाळत होते. हात थांबला.
"मग?"
"मग अकरा वर्षांनी गेले. धाकटा मोठा झाल्यावर. वर्गात सगळ्या मला आंटी म्हणायच्या."
धुकं विरलं, समोरची इमारत परत आली. त्या आत गेल्या, रवा भाजायला. कोनफळ मिळालं नाही की त्यांच्या सूपबरोबर रव्याचे गोळे. ते मी करते. आज त्यांनी केले.

१४ डिसेंबर, रविवार
दुपारी झोपले. उन्हाचा पट्टा पायावर. बाहेरच्या खोलीत तिघांचं बोलणं चालू, इग्बो आणि मराठी एकमेकांत मिसळून. अर्धवट जागेपणी मला दोन्ही भाषा कळत होत्या, किंवा एकही नाही. वाटलं, आपण इथून उठूच नये, ते असेच बोलत राहतील, कुणी तरी भूक लागली म्हणेल, आणि कुणी तरी उठेल.
अदा येऊन म्हणाली, "आई, भूक."

२५ डिसेंबर, गुरुवार
नाताळ. चर्चहून आल्यावर सासूबाईंनी लाल भात केला, जोलोफ, मोठ्या पातेल्यात. आईसाठी वेगळ्या भांड्यात, मटणाचा रस्सा न लावलेला. सगळे टेबलाभोवती. अदाने दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "मामा, छान आहे. पण बाबाचा जास्त जळका असतो, तसा मला आवडतो."
चि.चे कान गरम झालेले मला दिसले. त्याच्या कानांचं मला कळतं, इतरांना नाही कळत.
सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तळाला लागू द्यायचा असतोच. मीच शिकवलाय त्याला."
मी विचारलं, "तुम्ही?"
"मग कोण? पाचही मुलग्यांना. शाळा सुटायला मला चार व्हायचे. भुकेला मुलगा समोर येईल तिच्याशी लग्न करतो. तशी घाई होऊ नये म्हणून शिकवलं."
"आणि आता?"
"आता लग्न झालं ना." असं म्हणून त्यांनी मला आणखी वाढलं.
आई भातातलं गाजर बाजूला काढत होती. "शिकवायची पद्धत चांगली आहे," म्हणाली. "परीक्षा तेवढी रद्द केली."

२६ डिसेंबर
सकाळी सासूबाईंना विचारून झालं, आता त्याला. त्या अदाला घेऊन खाली बागेत गेल्या, तेव्हा.
"त्यांना लागेल म्हणाला होतास. त्यांनी मला सांगितलं आज. म्हणाल्या, मी नको म्हटलं नव्हतं, तो बसला, मी म्हटलं बसू दे."
म्हणाला, "पहिल्या दिवशी खरंच तसं वाटलं होतं. मग बसलो. बरं वाटलं, केतकी. बाबा असेच बसायचे. सगळं घर आपल्याभोवती चालतंय आणि आपण मध्ये. मला माहीतच नव्हतं ते कसं असतं."
रागावले होते. पण हे त्याने इतकं खरं सांगितलं की राग कुठे ठेवायचा ते कळेना. मलाही बसायचंय तसं. एक दिवस. पाय लांब करून. ते म्हटलं त्याला.
"बस की," म्हणाला.
"आणि?"
त्याला 'आणि' कळला नाही. किंवा कळला.

२७ डिसें.
संध्याकाळी चि.ने कांदा चिरला. सासूबाई टीव्ही बघत होत्या. मान वळवली नाही. "बारीक," एवढं म्हणाल्या.

२ जानेवारी, शुक्रवार
कांदा एकच दिवस. मग ऑफिसात वर्षअखेरीचं काम. खरंच आहे ते काम, मला माहीत आहे. माझंही आहे.
साहेबांना वीस तारखेपर्यंत अर्ज हवा.

६ जानेवारी, मंगळवार
सासूबाईंनी मला खोलीत बोलावलं. पलंगावर बॅग उघडी, कपडे आत नाहीत, बाहेर काढलेले. म्हणाल्या, "तिकीट पुढे ढकलते. तू जा शिकायला. मी आहे. मुलीचं, त्याचं, सगळं मी बघते. न्वुन्ये आन्यी, मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारतेय."
त्यांचे पाय सुजलेले, खुर्चीतून उठताना दोनदा प्रयत्न करतात. हो म्हणायला एक क्षण लागला असता. जयपूरही दिसलं, कधी न पाहिलेलं, गुलाबी वगैरे, आणि मी रिकाम्या हाताने चालतेय.
पण हो म्हटलं की माझ्या जागी त्या. तो तिथेच. मध्ये.
"नको मामा," म्हटलं. पहिल्यांदा मामा म्हटलं. "तुम्ही खूप केलंत. तुम्ही तारखेलाच जा."
त्यांना लागलं. ज्याने लागेल म्हणून एवढं सगळं झालं त्याने नाही, माझ्या 'नको'ने.

८ जानेवारी, गुरुवार
सासूबाई दोन दिवस बोलत नाहीत. जेवतात, ताट उचलतात, मला 'थँक यू' म्हणतात. आई आली होती. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणेल की चालून आलेलं नाकारलंस.
खिडकीकडे बघत म्हणाली, "तुझ्या आजीने माझ्यासाठी केलं तसं. बी.एड.ला. मी शिकले, ती राबली. तुझ्या बाबांना कधी कळलंही नाही की घरात काही बदललं होतं." मग पदराने चष्मा पुसला. "अर्ज भर. मी काही येणार नाही सांभाळायला, आधीच सांगते. गुरुवारी येते तेवढी येईन."
हिच्याकडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं. ती गेल्यावर तिच्या बसलेल्या जागी जाऊन बसले. उशी अजून कोमट.

१३ जानेवारी, मंगळवार
संक्रांत उद्या. तिळाची वडी थापताना सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. लाटणं माझ्या हातातून घेतलं. "रागावले नाहीये," म्हणाल्या. "विचार करत होते. तुझ्या जागी मी हो म्हटलं असतं. ते बरोबर झालं असतं का, ते मला ठरवता येत नाही." वड्या सरळ रेषेत कापल्या, पट्टीने आखल्यासारख्या.
मग चि.ला हाक मारून इग्बोत काही तरी म्हणाल्या. बरंच. तो दारात उभा, शाळेतल्या मुलासारखा. काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

१८ जानेवारी, रविवार
सासूबाई गेल्या. मुंबईला चि. सोडायला. टॅक्सीत बसताना अदाला म्हणाल्या, आईला सांभाळ. मग जरा थांबून, बाबालापण.
घर मोठं झालं. दुपारभर मी सोफ्यावर, पाय लांब करून. झोप नाही, जाग नाही. सूर्य भिंतीवरून सरकत खुर्चीपर्यंत आला. कुणी काही मागितलं नाही. अदा चित्र काढत होती. असं असतं तर ते.

१९ जानेवारी, सोमवार
संध्याकाळ. अर्ज लॅपटॉपवर भरलाय. नाव, अनुभव, रुजू होण्याची तारीख. उद्या शेवटचा दिवस. चि.ला म्हटलं, "मी पाठवतेय."
आज तो 'बघू' म्हणाला नाही. स्वयंपाकघरात गेला, कुकर लावला, बाहेर आला. टॉवेलला हात पुसत उभा राहिला. काही तरी मोठं बोलणार असं वाटलं.
म्हणाला, "सकाळी अदाची बस किती वाजता येते?"
दोन वर्षं ती त्याच बसने जाते. नऊ वर्षं या माणसाने रात्रीचं जेवण केलं, मी मैत्रिणींत मिरवलं, आणि त्याला बस माहीत नाही. मी कधी सांगितली नाही, त्याने कधी विचारली नाही. डबा, गणवेशाचा वार, दाताच्या डॉक्टरची पुढची तारीख, तिला रात्री कशाची भीती वाटते. सगळं माझ्या डोक्यात, आणि मला ते वजन वाटायचंही बंद झालं होतं.
सात चाळीस. जिभेवर होतं. सांगणार होते.
"तिलाच विचार," म्हटलं.
तो तिच्या खोलीत गेला. दार अर्धं लोटलेलं. आतून दोघांचे आवाज येतायत, शब्द लागत नाहीत. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस मीच बंद केला. परत येऊन बसले. अजून बोलतायत. एका बसच्या वेळेला एवढं बोलायला काय लागतं कुणास ठाऊक.
अर्ज समोर उघडा आहे.