निकाली खणातला धूर

ती. दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कागदाला धुराचा वास येईल. घाबरू नका, घर शाबूत आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी देतात ते तेल लावता, की नुसतं उशाशी ठेवता? इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत, आणि हे वाक्य या खेपेला मी रिवाज म्हणून लिहीत नाही.

निवृत्तीनंतर तुम्ही तुमचं चार खणांचं लोखंडी कपाट आमच्या मागच्या अंगणात ठेवलंत, त्याचं मी मांस धुरावर शिजवायचं यंत्र केलं. कपाळाला हात लावू नका, पुढचं ऐका. वेल्डरकडून खणांचे तळ कापून जाळ्या बसवून घेतल्या, वर धूर जायला नळी लावली. खणांवरच्या तुमच्या पत्र्याच्या पाट्या तशाच ठेवल्या (हेडक्लार्कचा मान). त्यामुळे 'तातडीचे'मध्ये निखारे, 'चालू'मध्ये पाण्याचं भांडं, 'प्रलंबित'मध्ये मांस आणि शिजलेलं 'निकाली'मध्ये. बोकडाची एक तंगडी आठ तास प्रलंबित राहिली, म्हणजे तुमच्या कचेरीपेक्षा आमचा कारभार जलदच. शेजारच्या नर्सबाई दोनदा काय जळतंय म्हणून बघायला आल्या, तिसऱ्यांदा ताट घेऊन आल्या.

आता मुद्द्यावर येतो. वेल्डर म्हणाला होता की आधी एकदा रिकामंच तापवा, आतला रंग जळून जाऊ द्या. तो जाळ पेटवायला मी 'निकाली' खणात सापडलेलं तपकिरी कागदातलं, सुतळीने बांधलेलं एक पुडकं न सोडताच वापरलं. निकाली म्हणजे निकाली, असा माझा समज. आणि तंगडी उतरवायच्या दिवशीच तुमचं पत्र आलं, की तुमच्या घराचं मूळ खरेदीखत त्याच खणात आहे (कारण चोर निकाली कागदांना हात लावत नाही) आणि ते पुढच्या मंगळवारी नोंदणी कचेरीत दाखवायचं आहे. दादा, माझ्या पायांखालची जमीन सरकली. तुमची तर कागदोपत्री आधीच सरकली होती. जन्मभर राबून बांधलेलं तुमचं घर मी तंगडीखाली घातलं, या विचाराने दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी धीर करून हिला सांगितलं. ही उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि खरेदीखत काढून समोर ठेवलं. कपाट आलं त्याच आठवड्यात तिने ते घरात आणलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि रडलो, लपवत नाही. मग उरलेली तंगडी एकट्याने संपवली.

खरेदीखत सोबत रजिस्टर टपालाने पाठवतो आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. पुडक्यात काय होतं, ते तुम्ही विचारणारच. खरेदीखताच्या जागी हिने आमची लग्नाआधीची पत्रं ठेवली होती. "ती निकालीच होती," एवढंच म्हणाली आणि दोन दिवस गप्प आहे. ती पत्रं तुम्हीच मला लिहून दिली होतीत, हे आपल्या दोघांतच आहे. तुम्ही प्रत्येक कागदाची नक्कल ठेवता. तेवढ्या नकला गुपचूप पाठवा, मी पुन्हा माझ्या अक्षरात उतरवून देईन. खरं तर यासाठीच हे पत्र.

ता. क. २ भावजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय. पत्रं कोणाची ते मला तेव्हापासून माहीत आहे, प्रत्येकाच्या डोक्यावर जावक क्रमांक होता. मी गप्प आहे ती हसू आवरत नाही म्हणून. नकला पाठवू नका. काल यांनी एक पत्र स्वतः लिहायला घेतलंय. चार ओळी झाल्यात, त्यातल्या तीन मिठाच्या प्रमाणाबद्दल आहेत. चौथी मी तांदळाच्या डब्यात ठेवणार आहे.