सतरावं कलम

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर तुला ओळखू येईल की नाही शंकाच आहे. आपण एकाच शहरात राहतो, एकाच रस्त्याच्या दोन टोकांना उपासनेला जातो, आणि बाजारात समोरासमोर आलो की तुला एकदम पिशवीतलं काहीतरी शोधायचं असतं. मी बरी आहे. चष्म्याच्या दुकानात अजून तीच नोकरी, काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवायची. आत्ता दुपारची वेळ आहे, मालक जेवायला गेलेत, यंत्र बंद करून काउंटरवरच लिहायला बसले आहे. काल तुझ्या बबडीचा फोन आला होता, ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर बाकीचं वाचायचा तुला धीर राहणार नाही, आणि बाकीचं तू वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

तू सेमिनरीत होतास तेव्हाचं आपलं स्वयंपाकघर आठवतंय? मी बटाटे सोलायची आणि समोर तुझं पुस्तक उघडं ठेवून तुझी परीक्षा घ्यायची. कुठल्या चर्चची मंडळी कुठला विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेचा लेखी जाहीरनामा, मानते, हे तू पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवायचास. आपल्या मंडळीचा वेस्टमिन्स्टरचा. रस्त्याच्या पलीकडच्या टोकाच्या मंडळीचे तीन: हायडेलबर्गची प्रश्नोत्तरी, बेल्जिक अंगीकार आणि डॉर्टचे सिद्धांत. आई म्हणायची, "अरे, देव एकच ना, मग एवढे कागद कशाला?" तू तिला तासभर समजावून सांगायचास आणि ती मान डोलावत भात करपवायची. मला तुझा केवढा अभिमान वाटायचा. माझा भाऊ पाळक होणार म्हणून मी शेजारपाजारच्यांचे कान किटवले होते.

मग तू आपल्याच मंडळीचा पाळक झालास, आणि दोन्ही मंडळ्या एक करायचं ते घोंगडं निघालं. दोन्हीकडे माणसं कमी, छपरं गळकी, तेव्हा एका इमारतीत भागवावं इतकी साधी गोष्ट होती. वर्षभर तुम्ही त्यावर शब्दांचा कीस पाडलात. नव्या मंडळीच्या पाळकाने सही करायची तर कुठल्या अंगीकारावर, एकावर की चारहींवर? आमच्या ह्यांनी त्याच वर्षी दोन्ही सभागृहं रंगवली होती, एकाच डब्यातला रंग, एकच ब्रश. ते म्हणायचे, "वेस्टमिन्स्टर ही मला रंगाची कंपनी वाटते, पण भिंती तर दोन्हीकडे सारख्याच पाणी पितात." तुला ते आवडलं नव्हतं. मंडळीच्या वडिलांमध्ये, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांमध्ये, निम्मे एकीकरणाच्या बाजूचे होते, निम्मे विरुद्ध, आणि विरुद्धवाले तुझ्याकडे डोळे लावून बसले होते. पलीकडचं एक वाक्य जरी तुझ्या तोंडून निघालं असतं तरी त्यांनी गहजब केला असता, हे मला ठाऊक आहे. तुझी अडचण मला कळत नव्हती असं समजू नकोस.

त्याच वर्षी आमचं बाळ झालं आणि गेलं. आठवडासुद्धा जगलं नाही. रविवारी तूच त्याला बाप्तिस्मा देणार होतास, मी पांढरं झबलं इस्त्री करून ठेवलं होतं, आणि शनिवारी तू त्याच सभागृहात त्याच्या पेटीपुढे उभा होतास. ओल्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. तू तुमच्या अंगीकारातलं वाचलंस, देवाने निवडलेली तान्ही मुलं मेली तरी ख्रिस्ताच्या द्वारे तारली जातात. निवडलेली. मी पुढच्या बाकावर बसून वाट बघत होते की आता तू मान वर करशील आणि सांगशील, आमचं त्यातलंच आहे. तू पुस्तक मिटलंस आणि प्रार्थना सुरू केलीस. नंतर ह्यांनी तुला फाटकाशी गाठलं. आयुष्यात कुणाला धर्माचा प्रश्न न विचारलेला माणूस, टोपी हातात धरून विचारत होता, "पाळकसाहेब, आमचा त्यात आहे ना?" मेव्हण्याला साहेब म्हणाला रे तो. तू म्हणालास, "देव जे करतो ते योग्यच करतो." आणि वडिलांपैकी कुणी हाक मारली म्हणून निघून गेलास. ह्यांनी त्या फाटकात पुन्हा पाऊल टाकलं नाही. रात्ररात्र जागून ते मला विचारायचे, "तुझ्या भावाला काहीतरी माहीत असेल, म्हणूनच बोलला नाही का तो?"

काही वर्षांनी मी पलीकडच्या मंडळीत जायला लागले. मला अंगीकार बदलायचा नव्हता, फक्त तुझा आवाज ऐकवत नव्हता. तिथले म्हातारे पाळक मंगळवारी बायकांचा अभ्यासवर्ग घेतात. डॉर्टचे सिद्धांत चालले होते. देव कुणाला निवडतो आणि कुणाला नाही, असलं सगळं कडक प्रकरण, मी निम्मं ऐकत होते. एकेकीने एकेक कलम मोठ्याने वाचायचं. पहिल्या भागातलं सतरावं माझ्या वाट्याला आलं. देवभीरू आईबापांची मुलं तान्हेपणी गेली तर त्यांच्या निवडीबद्दल आणि तारणाबद्दल आईबापांनी शंका धरू नये, असं त्यात होतं. मला ते पुरं वाचता आलं नाही. शेजारच्या बाईंनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि पुढचं वाचलं.

त्याच आठवड्यात मी तुझ्या खोलीत आले होते, आठवत असेल. मी एवढंच विचारलं, तुला हे कलम ठाऊक होतं का? तू खोटं बोलला नाहीस, एवढं श्रेय देते. म्हणालास, "ठाऊक होतं, पण तो आपला अंगीकार नाही. त्या दिवशी ते म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, बहिणीसाठी ह्याने बाजू बदलली." दादा, तुमच्या अंगीकारात माझ्या बाळाविरुद्ध एक अक्षर नाही. तोच अंगीकार मानणारे कितीतरी पाळक आईबापांना बिनदिक्कत तेच सांत्वन देतात, हेही मी नंतर ऐकलं. तुला कुणी अडवलं नव्हतं. तू आपल्या खुर्चीला जपलंस आणि त्याला निष्ठा म्हणालास. एकीकरण शेवटी बारगळलं ते बारगळलंच, मंडळीच्या वडिलांनी तुझी पाठ थोपटली, आणि आमच्या घरात एक माणूस आपलं लेकरू कुठे आहे ह्या विचाराने खंगत राहिला. सतरावं कलम मी घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुझा दादा बोलला असता तर मला पटलं असतं." मला अजून राग येतो.

आता बबडीचं. काल दवाखान्यातून तिचा फोन आला तेव्हा तिच्या बाळाला जाऊन तासही झाला नव्हता. तू तिच्याजवळच होतास म्हणे, पण बाहेर, व्हरांड्यात. तिने मला विचारलं, "आत्या, तुमच्या बाळाच्या वेळी बाबा काय बोलले होते गं?" तुझी लेक आहे, दादा, पण तिला अंगाखांद्यावर मीही खेळवलंय. मी म्हटलं, "तुझे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, तुमचं बाळ देवाजवळ आहे, ह्यात जराही शंका धरू नका." ती खूप रडली आणि म्हणाली, "मग माझ्या बाळालाही तेच म्हणतील." तुझ्या वतीने मी खोटं बोलले आणि त्याची मला लाज वाटत नाही. हे पाकीट आज संध्याकाळीच तुझ्या दाराखालून सरकवते. उद्या दफनविधीला ती पुढच्या बाकावर बसून त्या एका वाक्याची वाट बघत असेल. आम्ही दोघं येणार आहोत. हे म्हणालेत, पोरीसाठी फाटकातून आत येईन. तुझी मान वर होते का, ते मागच्या बाकावरून आम्ही बघू. ते वाक्य तू उच्चारलंस म्हणजे मी तुला माफ केलं, असं समजू नकोस. पण उच्चार.

अजून तरी तुझीच,
धाकटी