पिवळ्या टोळीतला शेवटचा ठिपका

९ जुलै, बुधवार
आजपासून रोज लिहाचं ठरवलं. शाळा आपली चौथीपर्यंतच, पण अक्षर सुनेपेक्षा गोल आहे. लिहाचं कारण असं का मी असिस्टंट झाली! नागपूरहून रिता नावाची पोरगी आली आहे, कॉलेजात लय मोठं शिकून राहिली. गावातल्या बाया कोणासंग मनातलं बोलतात, अडल्यावर कोणाच्या दारी जातात, ह्याचं नेटवर्क काढणार. टॅबलेटवर एक बाई म्हणजे एक ठिपका, अन् बोलणं म्हणजे रेषा. पाहाले रांगोळीच.
तिनं आधी काही घरी विचारून पाहिलं का एखादी खबर गावभर कराची असली तं कोणाले सांगाल. सगळ्याईनं माझंच नाव घेतलं. श्रावणच्या बायकोनं तं म्हणे प्रश्न पुरा होऊच दिला नाही. एवढा विश्वास! मी लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले.
रिता रोज लिहिते. आज काय केलं, कुठं चुकलं. म्हटलं, चुकलं ते कायले लिहितं वो? म्हणे, आजी, ह्याले पारदर्शकता म्हणतात, काम कसं केलं ते कोणालेबी तपासता आलं पाहिजे. मले पटलं. मी बी तसंच सगळं खरं लिहीन. फक्त कोणाले दाखवणार नाही.

१२ जुलै, शनिवार
कामाचे नियम. एक, पहिले बाईची परवानगी घ्याची, नाही म्हणली तं हसून वापस याचं. दोन, नाव काढून नंबर टाकाचा. तीन, बाई उत्तर देते तवा जवळ कोणी नाही पाहिजे. असिस्टंट बी नाही! मी म्हटलं, मी काय परकी? म्हणे, आजी, तुम्हीच जरा दूर बसा. म्हणून मी गोठ्याजवळ बसते. तिथून ऐकू येत नाही. दोन घरी पाहिलं बसून.
चार नंबरचा नियम मोठा आहे. पोळ्यापर्यंत कोण्याबी बाईनं म्हटलं का माझं उत्तर काढून टाका, तं काढाचं. काहून काढता, हे विचाराचं बी नाही. रिताले सांगा नाही तं मले सांगा, असं ठरलं. म्हणजे मी ऑफिसच झाली.

१७ जुलै, गुरुवार
आज आमच्याच घरचा नंबर. हर्षा, माझी सून. म्हटलं, हिचं काय विचारता, हिचं उत्तर मीच सांगते. ही मले सांगितल्याबिगर मिठाची पुडी उघडत नाही. रितानं मले तरी गोठ्याजवळ पाठवलंच. लय वेळ लागला. दुसऱ्या बायाईचं उत्तर चहा उकळेपर्यंत होते. हर्षा बाहेर आली तं डोळे लाल. म्हटलं कांदा चिरला काय? हो म्हणली. आज तं वांग्याची भाजी होती. असो.
रिता जेवली नाही धड. उन्हानं होते असं शहरच्या पोरीईले.
रात्री भुपेंद्रनं विचारलं, माझ्या लेकानं, का त्या घरी बी गेल्या होत्या काय? ते घर म्हणजे तलावापलीकडचं, केवळराम अन् पुष्पाबाईचं. तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरची बोलचाल बंद आहे. गुड्डी माझी नात, ती पाळण्यात होती तवापासून. मी म्हटलं, रिता गेली होती, मी बांधावर उभी राहिली. तो म्हणे, बरं केलं, ह्या घरचा कोणी त्यांच्या दारी गेला तं त्यानं तिथंच राहाचं. हर्षा पोळी लाटत होती. पोळी फाटली. नवं पीठ असंच असते.

२६ जुलै, शनिवार
धानाची रोवणी जोरात. तलावाच्या इकडच्या बायाईची, आमची टोळी पुढं. मी आता वाकत नाही, बांधावर उभी राहून कोण कोणाशेजारी लागते ते पाहाचं. सोमाजीची मोठी सून अन् घनश्यामची बायको एकमेकीले सोडत नाहीत. श्रावणची बायको मधात, सगळ्याईसंग दात काढते. हर्षा कडेले. ती कडेलेच लागते नेहमी. हात लय चालते तिचा.
रिता नागपूरले गेली. नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. हर्षाकडं फोन नाही, भुपेंद्र म्हणते घरात दोन पुरे.

५ ऑगस्ट, मंगळवार
दुपारी हर्षा पाय दाबाले बसली. मी न सांगता! म्हणली, आई, रिताताईले फोन करून सांगा, माझं उत्तर काढून टाका. म्हटलं, काहून? म्हणली, काहून ते विचाराचं नाही असा नियम आहे ना. म्हटलं, नियम मलेच शिकवून राहिली काय वो! हासली नाही.
उद्या फोन करीन.

६ ऑगस्ट, बुधवार
रेंज नव्हती. झाडाखाली थोडी होती, पण चिखल.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. आज पाव्हणे. उद्या नक्की.

१२ ऑगस्ट, मंगळवार
मी विचार केला. हर्षा मनातलं कोणाले सांगत असेल? मले. मंग तिनं उत्तर काढलं का माझ्याकडं येणारी एक रेषा कमी. सुनेचीच रेषा नाही, हे पाहून लोक काय म्हणतील? अन् रितानं एवढं नागपूर ते सिहोरा, सिहोरा ते इथं येणं केलं, तिचं नुकसान कायले कराचं? हे पाप होईल. हर्षा लाजली असेल, सासूचं नाव घेतलं म्हणून. पोरी लाजाळू असतात.
तिनं आज पुन्हा विचारलं, केला काय फोन? म्हटलं, हो केला. म्हणजे करणारच आहे, म्हणून हो.
तिनं माझे पाय धरले. कायले धरतं वो, म्हटलं, एवढं काय त्याच्यात? आज भात दोनदा वाढला मले.

२१ ऑगस्ट, गुरुवार
उद्या पोळा. म्हणजे उत्तर काढाचा शेवटचा दिवस. मी फोन हातात घेतला होता. खरंच घेतला होता. तेवढ्यात सोमाजीची बायको बैलाच्या झुली मागाले आली, तिच्यासंग बोलण्यात संध्याकाळ गेली. आता एका ठिपक्यानं काय होते? नावं तं नाहीच ना.

३० ऑगस्ट, शनिवार, सकाळ
आज समाजमंदिरात नकाशा दाखवणार. रिता म्हणे, माहिती गावाची आहे, तं गावाले पहिले दाखवाची, मंग कॉलेजले. मी गावभर सांगितलं. माणसंबी येणार आहेत. मी हिरवं लुगडं काढलं. हर्षाले म्हटलं चल, ती म्हणे, माझं तं काढलं ना आई? म्हटलं, हो वो. मंग आली ती.
रितानं मले बाजूले घेऊन सांगितलं, आजी, कोण कोणता ठिपका हे ओळखाचं नाही, ओळखलं तरी बोलाचं नाही. मी शपथ घेतली.

३० ऑगस्ट, संध्याकाळ
सगळं खरं लिहाचं ठरलं आहे म्हणून लिहिते.
भिंतीवर नकाशा लय सुंदर दिसला. रितानं नाव, नंबर सगळं काढलं होतं. फक्त रंग ठेवले, रोवणीच्या टोळीप्रमाणं. आमची टोळी पिवळी, तलावापलीकडची हिरवी. म्हणे पाहा, बाया आपल्या आपल्या टोळीतच मन मोकळं करतात.
कोणाले काही समजेना. मले वाईट वाटलं, पोरीनं एवढी मेहनत केली. अन् मले तं सगळं दिसून राहिलं होतं! बांधावर उभं राहून जे दिसते तेच भिंतीवर. मी उठली. म्हटलं, अरे, मी सांगते. हा हिरवा ठिपका, ज्याच्याकडं सगळ्या हिरव्याईच्या रेषा जाऊन राहिल्या, ती पुष्पा. सगळ्या तिच्यापाशीच रडाले जातात. लोक हासले. रिता म्हणली, आजी, बसा. पण लोक म्हणे, सांगू दे, सांगू दे.
मंग पिवळ्या. हे दोन जुळे ठिपके, सोमाजीची सून अन् घनश्यामची बायको. टाळ्या! ही श्रावणच्या मामीची सून, हिले एकच मैत्रीण. ही मधातली मोठी, चारी बाजूनं रेषा, ती मी. श्रावणची बायको वरडली, आजी, ते तं मी होय! म्हटलं, गप वो, तू ही बाजूची. लय हासले सगळे. रिता प्रोजेक्टर बंद कराले धावली, तिच्या हातात वायरच येईना.
मंग एकच पिवळा ठिपका उरला. कडेले. आमच्या टोळीतून त्याच्याकडं एकबी रेषा नाही, त्याची बी टोळीत कोणाकडं नाही. त्याची एकच रेषा, लांब, सगळ्या पिवळ्याईले सोडून, तलावापलीकडं. त्या हिरव्या मोठ्या ठिपक्यापाशी.
कोणी हासलं नाही.
भुपेंद्र दारात उभा होता. म्हणला, आई, मंग ही कोण?
माझ्या मनात आलं का म्हणावं, ती मी होय. मीच जाते पुष्पाकडं. म्हातारीले कोण काय करते? पण मधातला ठिपका मी आधीच घेऊन बसली होती. अन् सगळे पाहून राहिले होते. ठिपका कसा वापस द्याचा?
मी म्हटलं, प्रोजेक्टरची चूक असेल.
हर्षा कवा उठून गेली ते दिसलं नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
भुपेंद्र काही बोलला नाही. जेवला, झोपला. म्हणजे राग नाही, म्हटलं बरं झालं. सकाळी त्यानं हर्षाची बॅग मोटरसायकलले बांधली, तिले अन् गुड्डीले पवनीच्या गाडीत बसवून आला. माहेरी. चार दिवस आराम होईल. रोवणीचा थकवा आहे तिले.
जाताना माझ्या पाया पडली. मी म्हटलं, डब्यात चिवडा ठेवला आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार
रिता आली होती. लय रडली. म्हणे, चूक माझी, रंग ठेवाले नव्हते पाहिजे, गावात माणूस नावानं नाही, शेजारानं ओळखू येते. हे सगळं ती आपल्या कामात जसंच्या तसं लिहिणार, चुकीसकट. मंग तिनं हळूच विचारलं, आजी, हर्षाताईनं उत्तर काढाले सांगितलं होतं काय कोणाले? म्हटलं, मले तं काही आठवत नाही.
तिनं चूक आपली आहे म्हणून लिहूनच दिलं. म्हणजे माझी नाही. हलकं वाटलं. भूक मात्र लागली नाही.
भुपेंद्रनं मागच्या वाटेवर काट्या टाकल्या. त्या वाटेनं तलावापलीकडं जाता येते, हे मले माहीतच नव्हतं. पायवाट चांगली रुळली होती. मी रोज त्याच अंगणात बसते.

८ सप्टेंबर, सोमवार
ठरवलं, शनिवारी पवनीले जाऊन सुनेले घेऊन येते. भुपेंद्रले म्हटलं. तो म्हणे, जिथं मन आहे तिथं राहू दे. म्हटलं, अरे, मन का भाड्यानं देतात? उठून गेला.
हर्षाच्या भावाले फोन लावला. उचलला, आवाज ऐकला, ठेवला.
आटाचक्कीवर बाया बोलत होत्या. मी गेली तं म्हणे, चला वो, पीठ झालं. कोणाचंच पीठ झालं नव्हतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
पवनीले नाही गेली. पुष्पाबाईकडं गेली. मोठ्या रस्त्यानं, दिवसाढवळ्या. आम्ही दोघी एकाच साली लग्न होऊन ह्या गावात आलो, तवाची ती मले अरेतुरे करते. ती अंबाडी निवडून राहिली होती. वर पाहिलं नाही. म्हणली, काय वो ललिता, वाट चुकली काय?
म्हटलं, माझी सून तुले काय सांगत होती?
म्हणली, तुले सांगाचं असतं तं तुमचंच घर जवळ होतं ना तिले.
म्हटलं, मी तिची सासू आहे. मले हक्क आहे. भुपेंद्र तिले काही करत होता काय? एवढं तं सांग. पुष्पानं माझ्याकडं पाहिलं. म्हणली, एकाच भिंतीच्या अलीकडं झोपतं तू. मले काय विचारतं?
म्हटलं, येईल ना ती वापस?
म्हणली, तिनं काय ठरवलं ते मले माहीत आहे. अन् मी कोणालेच नाही सांगत. म्हणून तं येत होती.
अंबाडी निवडून झाली, ती आत गेली. मी थोडा वेळ थांबली. मंग घरी वापस आली.

१८ सप्टेंबर, गुरुवार
रिताचा फोन आला. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून विचारणार आहे, ह्यावेळी रंग नाही, काही नाही. म्हणे, आजी, ह्यावेळी तुमच्यापासूनच सुरू करते, फोनवरच. परवानगी आहे? म्हटलं, आहे. म्हणे, आजूबाजूले कोणी नाही ना? पाहिलं. कोणी नव्हतं. म्हणे, आजी, मनातली गोष्ट तुम्ही कोणाले सांगता?
म्हटलं, थांब पोरी, गॅसवर दूध आहे.
फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.