कवड्याचा डावा पाय

चिखली,
१७ सप्टेंबर

कुलदीपदादास नमस्कार.

घरी सगळे बरे असाल. मी बरा आहे. फोन तू मधातच कापतोस, म्हणून लिहून राह्यलो. इथं बसस्टँडमागे भजे मस्त मिळतात, पण ते जाऊ दे.

आपल्या कवड्याले तू ढोंगी म्हणतोस, त्याचा मले लय राग आहे. नाल ठोकायले बैल पाडला तेव्हा मी तिथंच होतो. जानराव नालबंदानं काम उरकलं, म्हणाला, "सोडा आता." तू म्हणाला, "पाडलाच आहे तर शिंगंही साळून टाका. पोळा येऊनच राह्यला." मग रंगाचा डबा आणायले घरी गेला आणि चहा पिऊन आला. एवढा मोठा जीव, पाय बांधलेला, तोवर डाव्या खांद्यावर दगडगोट्यांत पडून. उठला तर पाय पुढं येईना, खूर मागं मुडपला. तू काय केलं? तुतारीची आर टोचली.

डॉक्टरीणबाईनं (हो, दाखवला मी त्याले) खुराच्या वर चिमटा घेतला, तर त्याले समजलंच नाही. म्हणाल्या, "खांद्याखालची नस दबली. डोक्यातून हुकूम निघतो, पायापर्यंत पोचत नाही." रस्त्यानं चालेल कदाचित. पण डवरणीत, तण काढताना, पऱ्हाटीचं पानही न मोडता दोन ओळींतून पाऊल टाकायचा, ते बारीक काम परत येईल का, हे त्याही सांगू शकल्या नाहीत. ते पाहायले लोक बांधावर थांबत, दादा. आणि पोळ्याले तू त्याले तोरणाखाली नेलंही नाही. लाज तुले वाटायले पाहिजे होती, तर लपवलं त्याले.

"गिऱ्हाईक मिळालं का," असं समीक्षावहिनीकडून विचारून राह्यला. तू विकायले धाडलं, पण खामगावच्या बाजारात मी गेलोच नाही. गाडीतून इथंच उतरवला. भाजीवाल्या कौशल्याबाईच्या मळ्यात तो आहे, मीही आहे. वांगे तोडतो, त्याचा पाय चोळतो, खूर सरळ करून पट्टी बांधतो. बाई म्हणते, "तू तर कुठं टिकत नाही म्हणे, बैलानं बांधला का तुले?" काल त्यानं पाय थोडा उचलला. थोडाच.

तू न्यायले येशील, माहीत आहे. बैल तुह्या नावचा, ये. पण दावं सोडायच्या आधी त्याच्या त्या खांद्यावर हात ठेव आणि माझ्यादेखत एकदा म्हण, ढोंगी. मग पाहतो त्याले बाजारात कोण नेतो.

आईच्या पाया पडतो. तुह्या पाया पडणं, कवड्या नीट उभा राहीपर्यंत राहू दे.

ऋत्विक