उजव्या टोकापासून

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ डिसेंबर २००३

प्रिय सलमा,

सप्रेम नमस्कार. अम्मींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही सगळे मजेत. तुझी चित्रांची पेटी सुखरूप पोचली, एकही काच फुटली नाही. फोन का करत नाही म्हणून रागावली असशील. पण आमचा फोन बैठकीत, आणि बैठकीत सगळं घर. म्हणून हे पत्र. पुण्याला तुझ्या चित्रशाळेत शिकवायला ये, पेटी परत येईल तिच्याबरोबरच ये, असं तू लिहिलंयस. त्याचं उत्तर पुढे देते. आधी प्रदर्शनाचं ऐक.

तुझ्या त्या पॅलेस्टिनी चित्रकाराला कोल्हापूरनं आपलं मानलं गं! टेबलाभोवती बसलेले पुढारी नकाशा भाकरीसारखा मोडून खातात, त्या व्यंगचित्रासमोर एक पैलवान गडी पोट धरून हसला. "ह्यो मधला तर आमच्या गल्लीतलाच हाय की!" मी म्हटलं, अहो, हे लांबच्या देशातलं आहे. तर म्हणतो, "मग चुलतभाऊ असंल त्येचा."

आणि मी हॉलवर एकटी होते, सलमा. आमच्या घरात बाई एकटी बाहेर पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. बाजारात सोबत नणंद, देवळात सोबत अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई. हॉल दोन गल्ल्यांवर, म्हणून आठवडाभर मला मोकळं सोडलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. पहिल्या दिवशी चालताना मी सारखी बाजूला बघत होते, कोण बरोबर आहे म्हणून. मग कळलं की कुणीच नाही, आणि मी उगाच लांबच्या रस्त्यानं गेले.

एक घोटाळा मात्र केला. माणूस, झाड आणि भिंत अशी ती बिनशब्दांची पाच चित्रं आहेत ना, ती मी तू पाठवलेल्या बैरुतच्या प्रदर्शनाच्या फोटोत जशी होती तश्शीच ओळीनं लावली. आपण बघणार डावीकडून. तिकडून निघालं की पहिल्या चित्रात माणसाभोवती चारी बाजूंनी भिंत, वर रुमालाएवढं आभाळ. मग चित्रागणिक भिंत खाली येत जाते आणि शेवटी तो झाडाखाली मोकळा उभा. लोक खूश! शेजारच्या तानाबाई तर हात जोडून म्हणाल्या, "सुटलं बिचारं एकदाचं." वीरेश दुकान बंद करून आला होता. त्यानंही सगळं नीट बघितलं आणि म्हणाला, "बघ, माणसानं दम धरला की हुतंय सगळं." माझ्याकडे बघून हसला. नवरा आहे, मनानं चांगला आहे, पण ते हसणं मला लागलं.

चौथ्या दिवशी तुझे इलाही चाचा आले. उर्दू शाळेतून निवृत्त झाले तरी चाल अजून मास्तरांचीच. सगळे डावीकडे जातात, हे थेट उजव्या टोकाला. तिथून एकेक बघत डावीकडे आले आणि भिंतीच्या चित्रापाशी चष्मा काढून उभे राहिले.

"कोंडला गं बिचारा."

"चाचा, सुटला ना?"

"न्हाय बेटी. आमची लिखावट उजवीकडनं चालते, तशी ह्याचीबी. सही कुठं हाय बघ की."

सही भिंतीच्या चित्राखाली होती. म्हणजे झाड पहिलं आणि भिंत शेवटची. ज्याला त्यानं कोंडलेला दाखवला, त्याला मी सगळ्या शाहूपुरीसमोर सोडवून टाकला होता! मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी पाचही चित्रं उतरवली आणि आपल्या वाचण्याप्रमाणे फिरवून लावली. त्याची भिंत आहे, ती दिसायलाच हवी.

संध्याकाळी वीरेशला मुद्दाम पुन्हा बोलावलं. त्यानं बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. "आधीचंच बरं हुतं. लोकं हसत घरला जायला पायजेत. परत तसंच लाव की." मी लावलं नाही. एवढंच काय ते मी या घरात कुणाचं ऐकलं नाही.

आता तुझ्या बोलावण्याचं उत्तर. मी त्याला जेवताना विचारलं, पुण्याला जाऊ का? तो म्हणाला, "जा की. कोण नको म्हणतंय? फकस्त अव्वाकडं कोण बघणार, तेवढं तूच ठरीव." अव्वा म्हणाल्या, "जा गं बाई. माझं काय, आज हाय, उद्या न्हाय." नणंदेनं माझ्या पानात जास्तीचं तूप वाढलं. सलमा, त्यांनी नको म्हटलं असतं तर मी भांडले असते, रात्रीच्या रात्री पिशवी भरली असती. 'जा की' म्हणणाऱ्यांशी भांडायचं कसं, ते मला कुणी शिकवलं नाही.

मी येत नाही. जागा दुसऱ्या कुणाला दे. मला खूप यायचं होतं.

पेटी सोमवारी ट्रकनं निघेल. तळाला अव्वांच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली माझी चार चित्रं आहेत, हॉलवर बसून काढलेली. लग्नानंतर पहिल्यांदा हातात ब्रश धरला. पहिल्यात एक बाई आणि उघडं दार. दुसऱ्यात दारात तांदूळ निवडत बसलेली सासू. तिसऱ्यात नवराही तिथेच, नणंदही. चौथ्यात घरची एवढी माणसं की दार दिसतच नाही, आणि सगळी हसतायत. सही चौथ्याखाली केली आहे.

लोकांसाठी ती डावीकडून लाव, खरं आहे तशी. तू मात्र चाचांसारखी उजव्या टोकापासून बघ. तिकडून निघालीस की एकेक माणूस बाजूला होतं आणि शेवटी दार उघडतं. 'आधीचंच बरं' म्हणणाऱ्या वीरेशला मी मनात हसले होते, आणि आता मलाही तसाच सुटकेचा शेवट हवाय. तेवढं तू एकटीनं बघ.

तुझी,
चौथ्या चित्रातली
शांभवी